मंद आच

जग बुडणार असल्याची बातमी आमच्या कारखान्यात आणली ती पॅकिंगच्या बायकांनी. बाटल्या कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. कुठल्याशा दूरच्या देशातली एक वयस्क बाई डोळे मिटून, अगदी हळू आवाजात सांगत होती की अमुक तारखेला सकाळी मोठा भूकंप होणार, समुद्र आत शिरणार आणि त्यानंतर जग पूर्वीसारखं राहणार नाही. या बाईने म्हणे मागे एकदा असाच एक भूकंप आधी सांगितला होता. बोलाफुलाला गाठ पडते एखाद्या वेळी. लोक तेवढी एक गाठ लक्षात ठेवतात आणि वाया गेलेले शंभर बोल विसरतात.

"साहेब, त्या दिवशी सुट्टी द्याल ना?" एकीने विचारलं.

"जग बुडाल्यावर सुट्टीच सुट्टी," मी म्हणालो. सगळ्या हसल्या, मीही हसलो.

आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा. वडिलांनी सुरू केलेला, त्यांच्यामागे ताईच्या आणि माझ्या नावावर आलेला. अत्तराच्या, तळहातावर मावतील अशा नक्षीदार बाटल्या आम्ही करायचो आणि त्या जहाजाने परदेशी जायच्या. गिऱ्हाइकांची मनधरणी माझ्याकडे, माणसं सांभाळणं ताईकडे आणि भट्टी दाजींकडे. दाजी म्हणजे ताईचा नवरा. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. "बाबांनी जावई शोधला नाही, भट्टीला मास्तर शोधला आणि तू त्याच्यावर फुकट मिळालीस," असं मी ताईला चिडवायचो. ती हातात असेल ते फेकून मारायची.

काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. आतली वितळलेली काच आणि भोवतीच्या विटा तापलेल्या असतात तोवर एकमेकींना सांभाळून घेतात. घाईने निवल्या की काच आकसते, विटा तडकतात, आणि नवी भट्टी बांधणं म्हणजे नवा कारखानाच काढणं. म्हणून आमच्याकडे भट्टीपाशी कायम एक माणूस जागा असे. उठायचं झालं की तो दुसऱ्याला मोठ्याने म्हणायचा, "भट्टी तुझी." दुसऱ्याने "माझी" म्हटल्याशिवाय पहिला जागचा हलत नसे. लग्न असो, मयत असो, यात बदल नाही. वडील गेले तेव्हा दाजी स्मशानातसुद्धा आले नाहीत, भट्टीपाशी बसून राहिले. गावाने नावं ठेवली, पण आईने ठेवली नाहीत.

तर तो व्हिडिओ पसरला. आधी विमानांची तिकिटं रद्द झाली, मग हॉटेलं ओस पडली. बाईने ज्या किनाऱ्यांचं नावही घेतलं नव्हतं तिथल्या जमिनींचे भाव कोसळले. दुकानांतून तांदूळ, बॅटऱ्या, मेणबत्त्या गायब झाल्या. सोनं वर गेलं, शेअर खाली आले. टीव्हीवरची टाय लावलेली माणसं पहिल्या आठवड्यात हसत होती, पुढच्या आठवड्यात तीच गंभीर चेहऱ्याने बाजाराची मनःस्थिती समजावू लागली. भूकंपाची तारीख कुणालाच सांगता येत नाही, असं शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडत होते. त्यांचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

आमचं घोडं अडलं ते विम्यापाशी. त्या दिवसांत समुद्रावर असणाऱ्या मालाचा विमा इतका महागला की नाकापेक्षा मोती जड. मी विमा कंपनीच्या माणसाला फोन केला.

"खरं सांगा, तुमचा विश्वास आहे त्या बाईवर?"

"छे हो! मुळीच नाही."

"मग?"

"बाकीच्यांचा आहे ना."

यात सगळं अर्थशास्त्र आलं. विश्वास कुणाचाच नव्हता, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विश्वासाची भीती होती. जहाजं बंदरात थांबली. आमची गिऱ्हाइकं एकेक करून कळवू लागली की तारीख उलटू द्या, मग बोलू. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, जग बुडणार म्हटल्यावर अत्तर कोण लावणार?

तारीख जवळ आली तशी माणसं पांगली. कुणी उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलं, कुणी मुलांना घेऊन मैदानात तंबू ठोकला. ताईनेच सगळ्यांना रजा दिली. लेकुरवाळ्या माणसांना अडवून ठेवायचं कोणत्या तोंडाने, असं ती म्हणाली. भट्टीपाशी आळीपाळीने बसणारे दोघे होते, तेही गेले. उरले दाजी.

ताईचाही त्या बाईवर विश्वास नव्हता. पण भट्टीवरचं छप्पर जुनं होतं, तुळया लोखंडी होत्या आणि त्यांच्याखाली तिचा नवरा बसलेला होता. ज्याचं माणूस तुळईखाली बसलेलं असतं, त्याला विश्वास नसला तरी चालतं, भीती पुरते.

"अहो, एक दिवस," ती म्हणाली. "उद्याचा दिवस मैदानात चला. सगळं गाव आहे तिथे."

"आणि भट्टी?"

"भट्टी गेली खड्ड्यात."

"ती गेली तर आपण सगळेच जाऊ खड्ड्यात. त्याला भूकंप कशाला लागतोय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या परीने प्रयत्न केला. "दाजी, उद्या जग बुडालं तर बाटल्या कुणाला विकायच्या?"

"आणि नाही बुडालं तर परवा काय विकशील, ते बघ," दाजी म्हणाले आणि काळा चष्मा लावून भट्टीच्या तोंडाशी वाकले. विषय संपला.

आईने मावशीकडे जायचा हट्ट धरला होता, म्हणून मी तिला घेऊन त्याच सकाळी निघालो. पुढचं मला ताईने सांगितलं, आणि फार नंतर, मी विचारल्यावर, दाजींनी. दोघांच्या सांगण्यात काडीचाही फरक नव्हता. फरक असता तर मला बरं वाटलं असतं.

ताई दुपारचा डबा घेऊन गेली. बदली नसल्यामुळे दाजी आदल्या दिवसापासून जागे होते. घास हातात धरूनच त्यांना पेंग येत होती.

"थोडे पडा," ताई म्हणाली. "मी बसते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती लहानपणी याच भट्टीपाशी वडिलांच्या मांडीवर बसलेली होती. दुसऱ्या कुणावर सोपवायची नाही, पण तिच्यावर सोपवायला हरकत कसली?

"भट्टी तुझी," दाजी म्हणाले.

"माझी."

ते शेजारच्या खोलीत बाकावर आडवे झाले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले.

ताई बसली. ज्वाळेचा एकसारखा आवाज येत होता. वर तुळया होत्या, उद्या ती तारीख होती आणि काहीही झालं तरी हा माणूस इथून हलणार नव्हता. मग ती उठली आणि गॅसच्या चावीशी गेली. तिने भट्टी विझवली नाही. हे ती अजून सांगते, आणि खरंच आहे ते. तिने फक्त आच मंद केली. दूध उतू जाऊ नये म्हणून करतो तशी. भाजी मंद आचेवर ठेवून आपण शेजारी जाऊन येतोच की. आच मंद असली की राखणीची गरज नाही, राखण नसली की यांना बसायचं कारण नाही. उद्याची सकाळ पार पडली की पुन्हा मोठी करू. भट्टी विझवायची नाही, हे तिला बाराखडीआधी शिकवलेलं होतं. मंद करायची नाही, हे कुणी कधी शिकवलं नव्हतं, कारण तसं काही कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

दाजींना जाग आली ती शांततेने. बाहेर उन्हं कलली होती. ते अनवाणीच धावत आले.

"चला, आता घरी जाऊ," ताई म्हणाली. ती पायात चपला घालून तयार उभी होती.

दाजींनी भट्टीच्या तोंडातून आत पाहिलं. काचेवर साय धरल्यासारखा थर आला होता. त्यांनी चावीवर हात ठेवला आणि आच अगदी हळूहळू वाढवायला सुरुवात केली. मग वरच्या कमानीतून आवाज आला. फार मोठा नाही, ताई म्हणते, स्वयंपाकघरात बशी फुटावी इतकाच. पाठोपाठ दुसरा आला. तेव्हा दाजींनी स्वतःच्या हाताने गॅस पूर्ण बंद केला.

"चल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं सगळ्या गावाबरोबर मैदानात बसले होते. काही झालं नाही. एक कुत्रं भुंकलं तेव्हा अर्धं मैदान ताडकन उभं राहिलं, बस्स. दुपारपर्यंत लोक एकमेकांची नजर चुकवत चादरी घड्या करू लागले.

त्या बाईने मग सांगितलं की तिने वेळीच सावध केलं म्हणून जग वाचलं. हे ऐकून मी मोबाइल भिंतीवर मारला, आणि नुकसान माझंच झालं. विम्याचा दर उतरला, जहाजं सुटली, शेअर चढले. पडत्या भावात ज्यांनी जमिनी घेतल्या होत्या त्यांचं उखळ पांढरं झालं. टीव्हीवरची टायवाली माणसं म्हणाली, बाजार सावरला. भूकंप झाला असता तर पडलेल्या घरांचे फोटो तरी निघाले असते. न झालेल्या भूकंपात जे पडलं त्याचा पंचनामा करायला कोण येणार?

आणि मागण्या आल्या. सगळ्यांनी एकदमच माल थांबवला होता, दुकानं रिकामी होती, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं दुपटीने मागत होती. वडिलांच्या काळातसुद्धा असा हंगाम आला नसेल. थंड भट्टीसमोर खुर्ची टाकून मी एकेकाला नकार कळवत बसलो. नवी भट्टी बांधायची आमची ऐपत नव्हती. पॅकिंगच्या बायका परत आल्या, दारातून आत बघून गेल्या. आज त्या जागी कुणाचं तरी गोदाम आहे.

दाजी ताईला एका शब्दाने बोलले नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, "भट्टी जुनीच झाली होती हो, आज ना उद्या जाणारच होती." खोटं आहे ते. अजून कितीतरी वर्षं चालली असती. कधीतरी कडाडून भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. ते दिवसभर घरी असतात, पेपर वाचतात, कुंड्यांना पाणी घालतात. ताईला ते घरीच तर हवे होते.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात आम्ही तिघं बोलत बसलो होतो, ताईने चहा ठेवला होता. दाजी माझ्या पोटावरून माझी थट्टा करत होते, अगदी पहिल्यासारखे. चहाला उकळी आली तसे ते बोलता बोलता उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, कुणी आलं असेल. ताई गॅसपाशी नुसती उभी होती. चहा वर वर चढत होता, तरी तिचा हात पुढे होईना.

"अगं, बंद कर ना. उतू चाललाय."

बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. तेव्हा तिने हात पुढे करून गॅस बंद केला. तोवर अर्धा चहा ओट्यावर सांडला होता.

"त्यांना मी चावी फिरवलेली बघवत नाही," ती म्हणाली. "बोलत नाहीत. उठून जातात. रोज, दोन्ही वेळा."

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागलो.

"लोक म्हणतात, देवाची कृपा, काही झालं नाही," ताई म्हणाली. "मला वाटतं, झाला असता तो भूकंप तर बरं झालं असतं."

"काहीतरीच काय बोलतेस, ताई?"

"झाला असता ना रे, तर मी त्यांना वाचवलं असतं."