हैदराबादचे पत्रे

तांबरवाडीत मन्मथची भट्टी थंड पडली होती, पण त्यात सरकारचा काही दोष नव्हता. सरकारला नावं ठेवल्याशिवाय गावाचा दिवस उजाडत नसे. या वेळी मात्र सरकारनं आपलं काम चोख केलं होतं. लातूर जिल्हा नवानवा झाला होता. भाड्याच्या घरांत कचेऱ्या थाटल्या होत्या, आणि खुर्च्या यायच्या आधी साहेब येऊन पोचले होते. दुष्काळापायी गाव सोडून गेलेला माणूस परत आला, तर त्याला गावातच धंदा काढून द्यायचा, अशी एक योजना तिथं निघाली.

मन्मथ नेमका तेव्हाच बायकोला, शिवकांताला घेऊन हैदराबादहून परतला होता. बहात्तरच्या दुष्काळात, मिसरूड फुटायच्या आधी गेलेला पोरगा. तिथल्या एका बेकरीत राबला, तिथंच कारागीर झाला. मालक वारला, बेकरी विकली गेली आणि गावाकडं आई, शरणम्मा, एकटी होती. अमृतराव नावाच्या उद्योग अधिकाऱ्यानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. थोड्याच दिवसांत निलंग्याच्या रस्त्याला, एसटी थांबते तिथं, विटांची भट्टी उभी राहिली.

घोळ केला तो मन्मथच्या खरेपणानं. बिस्किटं भाजायचे लोखंडी पत्रे नवे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं जुन्या बेकरीतलेच आणले होते. शेजारच्या गुणाबाईनं सहज विचारलं, की यांच्यावर तिकडं काय काय भाजायचे. दुसरा कोणी बिस्किटं म्हणून मोकळा झाला असता. या शहाण्यानं पाव, खारी, टोस्ट असं मोजत मोजत अंड्याचा केकही सांगून टाकला. गाव बहुतेक लिंगायतांचं. गळ्यात लिंग असलेल्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. दिवे लागायच्या आत ही गोष्ट घरोघर पोचली. ज्यांना अंड्याचं वावडं नव्हतं ते म्हणाले, पाव हे आजाऱ्याचं खाणं, आम्हाला काय धाड भरलीय?

तरीही चार दिवसांनी लोक विसरले असते. पण शरणम्मानंच लेकाच्या भट्टीतलं तोंडाला लावलं नाही. पहिला घाणा निघाला तेव्हा मन्मथनं मोठ्या हौसेनं ताटली तिच्यापुढं ठेवली होती. तिनं ती हातानं बाजूला सारली आणि आपली जोंधळ्याची भाकरी पुढं ओढली. का, ते सांगितलं नाही. मन्मथला ते फार लागलं. आणि गावाला तर आयतंच मिळालं. सख्खी आई खाईना, मग आपण कशाला खायचं, असं जो तो म्हणू लागला.

अमृतराव पाहणीला आले तेव्हा भट्टीत मांजर झोपलं होतं. बिचाऱ्यांनी शिळा टोस्ट चहात बुडवून मुकाट खाल्ला. पीठ, साखर भरायला उरलेली मदत मिळायची होती, पण धंदा चालू दिसला तरच. पुढच्या बाजारानंतर पुन्हा येतो, असं ते म्हणाले.

"मी तुमच्याच बाजूचा आहे, मन्मथअप्पा," ते जाताना म्हणाले. "पण थंड भट्टीला चालू कशी म्हणू?"

"भट्टी तुमी दिली, साहेब," मन्मथ म्हणाला. "गिऱ्हाईक कुठून आणू?"



घरी येऊन त्यानं शिवकांताला सामान बांधायला सांगितलं. हैदराबादला कुठल्याही बेकरीत हातचं काम मिळेल, असं तो म्हणाला. शरणम्मा उंबऱ्याशी रोजगार हमीवरचे गहू निवडत बसली होती. त्या साली मजुरीत गहूच मिळत. जोंधळा खाणाऱ्या गावात सणाचं धान्य घरोघर साठलं होतं, आणि पोळ्या लाटायला ना सरपण होतं ना उसंत.

"पुन्यांदा जानार?" तिनं विचारलं.

"हाव, अव्वा. हितं ऱ्हाऊन काय करू?"

 गहू निवडून झाले तरी ती सुपात बोटं फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता. एसटीच्या थांब्याशी घागरींची रांग लागली होती आणि सगळ्या बायका एकाच गोष्टीकडं बघत होत्या. भट्टीपुढं, भर रस्त्यात शरणम्मा फतकल मारून बसली होती, आणि हैदराबादचे पत्रे राखेनं घासत होती. पाण्याचा थेंब न वापरता, काथ्यानं घासून घासून तिनं एकेक पत्रा लख्ख केला. मन्मथ धावत आला तर म्हणाली, भट्टी पेटव. पत्रे रिकामेच आत सारायला लावले आणि ते चांगले तापेपर्यंत ती हलली नाही. मग लुगड्याच्या ओच्यातून पिठाचा डबा काढला. आपल्याच गव्हाचं पीठ, सोबत गूळ आणि वाटीभर करडईचं तेल.

"मळ," ती म्हणाली.

बिस्किटांचा वास सुटला तेव्हा रांगेतल्या घागरी जागेवर राहिल्या आणि बायका भट्टीशी आल्या. शरणम्मानं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, पहिलं बिस्कीट त्याला दाखवलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. गुणाबाईनं तिच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं, आणि दुपारी स्वतःच पिठाचा डबा घेऊन हजर झाली. घरचं पीठ, डोळ्यांपुढं मळलेलं, आणि कामावर नेलं तर आठवडाभर टिकणारं. मन्मथ भाजणावळ घेऊ लागला. बांधलेलं सामान शिवकांतानं त्याला न विचारताच सोडलं.

बाजारानंतर अमृतराव आले, ते एसटीतूनच धूर बघत आले. भट्टीशी डब्यांची गर्दी होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. शरणम्मा तिथंच बसली होती. साहेबांनी हसत विचारलं, "आजी, आधी का खात नव्हता? अंड्यामुळं?"

"अंड्याचं काय घिऊन बसलाव, साहेब. राखंनं घासलं की झालं." तिनं थंड होत आलेल्या एका पत्र्यावर हात ठेवला. "ह्या पोराला म्या दुष्काळात लावून दिलं, तवा गाठोड्यात येकच भाकर व्हती. फुडं त्याला ह्या पत्र्यांनी वाढवलं. मला ह्यांचा लई राग यायचा."

साहेबांचं हसू विरलं. मन्मथ पाठमोरा उभा होता. इतके दिवस आईला आपल्या कामाची शरम वाटते असं तो धरून चालला होता, आणि ही बाई लोखंडाच्या पत्र्यांवर रुसली होती. त्याला इतकं भरून आलं, की मागं वळवेना.

"हिकडं बघ," शरणम्मा म्हणाली आणि तिनं गरम बिस्कीट त्याच्या हातावर ठेवलं. "खा. ह्ये माज्या पिठाचं हाय."

मन्मथनं ते उभ्या उभ्याच खाल्लं. गूळ जरा जास्त झाला होता, पण तसं त्यानं तिला सांगितलं नाही.