थॉर्नबेकची मुलांची सभा

थॉर्नबेकचं सभाघर आम्ही क्वेकर पंथाच्या मंडळींनी बांधलं तेव्हा त्यात ना वेदी ठेवली, ना घंटा, ना धर्मगुरूची जागा. चार दगडी भिंती, बाकं आणि गप्प बसलेली माणसं. कुणाला आतून काही सुचलं तर त्यानं उठून बोलायचं, नाहीतर शांतता. राजाच्या माणसांना नेमकी ती शांतताच खुपली. एका रविवारी त्यांनी सगळ्या मोठ्यांना बाकांवरून उचलून तुरुंगात नेलं, माझ्या नवऱ्याला, माइल्सलाही, आणि दाराला फळ्या ठोकल्या. मी बाळंतीण, घरी होते, म्हणून राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी डॉर्कसचं अंथरूण रिकामं होतं. नऊ वर्षांची माझी लेक. तान्ह्या एनॉकला शालीत गुंडाळून मी धावले. फळ्या ठोकलेल्या दारासमोर, ओल्या गवतावर, आमची सगळी मुलं मोठ्यांसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती. सर्वांत पुढे डॉर्कस.

शेजारी गिल्बर्ट हॉब्सन उभा. गावचा शिपाई, एरवी आमच्याच मेंढ्या कातरायला येणारा. हातात छडी.

"बरं झालं आलात, बाई," तो म्हणाला. "मघाशी न्यायाधीश इथं येऊन गेले, त्यांना तुमच्या लेकीनं सरळ 'तू' म्हटलं! चेहरा बघायला हवा होता त्यांचा."

"आम्हाला सगळे सारखे, म्हणून सगळ्यांनाच तू म्हणतो, गिल्बर्ट. तुलाही."

"मला चालतं हो. माझी बायको याहून वाईट म्हणते." मग त्यानं आवाज उतरवला. "ऐका. ही सभा असेल तर तुमच्या लेकीला फटके मारून कोंडायचा हुकूम आहे. पण पोरं खेळत असतील, तर मी काय करणार? तुम्ही फक्त म्हणा, खेळतायत. मी तसं सांगतो आणि जेवायला जातो."

आम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. म्हणून तर माझा शब्द त्याला पुरणार होता. तो शब्द जिभेवर आलाही होता. डॉर्कसच्या पाठीची हाडं झग्यातून दिसत होती.

"डॉर्कस, घरी चल."

"सभा चालू आहे, आई," ती न वळता म्हणाली. "मी उठले तर सगळे उठतील. मग आपली सभा मोडलीच."

गिल्बर्टनं कपाळाला हात लावला. "गप्प बसायचं असतं ना गं तुमच्यात? मग आत्ताच बरी वाचा फुटली! मी काही ऐकलं नाही हं. बोला बाई, खेळतायत ना?"

मी पुढे गेले आणि डॉर्कसच्या समोर गवतावर बसले. एनॉक रडायला लागला, त्याला शालीआड अंगावर घेतलं.

"हे काय आता?"

"सभाच आहे, गिल्बर्ट. आणि आता तिच्यात एक मोठं माणूसही आहे. मला ने."

"आणि हे तान्हं?"

"त्याचं दूध माझ्यापाशीच आहे. तोही येईल."

तो बराच वेळ छडीनं बूट झोडत राहिला. "मोठं माणूस मिळालं की पोरांना कोण विचारतंय," असं पुटपुटत त्यानं मला कोपराला धरून उठवलं.

"चुलीवर लापशी आहे," मी डॉर्कसला म्हटलं. "धाकट्यांनाही दे."

तिनं मान हलवली. डोळे मिटलेलेच होते. सभा संपेपर्यंत उठायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

वळणावरून मागे पाहिलं. ती उठली नव्हती. मी बसले होते त्या चेपलेल्या गवतावर फक्त सरकली होती.