उसनी गेले, परत आले

मी सक्शन मशीन बोलतेय. माझ्या घरघरीकडे लक्ष देऊ नका, आवाज पहिल्यापासून असाच. एखाद्याच्या घशात कफ दाटला, श्वास कोंडला, की माझी नळी आत सोडतात आणि मी तो कफ ओढून घेते. काम किळसवाणं खरं. पण नंतर माणूस जो मोकळा श्वास घेतो ना, तो ऐकत राहावा असा असतो.

कारखान्यातून निघाले ती थेट हॉस्पिटलात, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आले. तिथल्या मोठ्या सिस्टर मला लेकीसारखं जपायच्या. दुसऱ्या वॉर्डातून कुणी मागायला आलं की बिनदिक्कत सांगायच्या, "आमची बिघडलीय हो!" आणि मी चादरींच्या कपाटात ठणठणीत!

त्यालाही कारण होतं. माझ्याआधीची मशीन अशीच उसनी गेली, ती कुणी परत आणूनच दिली नाही. एका आजोबांचा श्वास अडकला तेव्हा सिस्टर तिच्यासाठी मजले पालथे घालत धावल्या. मशीन सापडली, पण तोवर आजोबा गेले होते.

मग कॉलेजातली एक मुलगी आली. हॉस्पिटलातली हरवणारी यंत्रं शोधायची, हा तिचा प्रोजेक्ट. तिनं माझ्या पाठीला एक बिल्ला चिकटवला. मी जिथं असेन तिथं तिच्या मोबाइलवर ठिपका दिसायचा. ठिपका कपाटात दिसला, तशी ती सिस्टरांसमोर येऊन उभी राहिली.

"आता आम्हाला चोर ठरवणार? जा, सांग मोठ्या साहेबांना!" सिस्टर कडाडल्या.

मुलगी गांगरली. "सांगायचं नाहीये, सिस्टर. का लपवलीत, एवढंच विचारायचंय."

'का' असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सिस्टर स्टुलावर टेकल्या. आजोबांचं सगळं त्यांनी तिला सांगितलं.

मुलीनं प्रोजेक्टच बदलायला घेतला. मला कुणी नेलं, माझं काम संपलं का, हे आता सिस्टरांच्याच मोबाइलवर दिसणार होतं. तिचे प्रोजेक्टमधले मित्र वैतागले, "परीक्षा तोंडावर आलीय, कशाला नसता उद्योग?"

ती म्हणाली, "आपल्याला ठिपका दिसून काय उपयोग? सिस्टरांचा जीव भांड्यात पडायला हवा."

एका सकाळी लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स धापा टाकत आली. "सिस्टर, बाळ निळं पडतंय! आमची मशीन बंद पडलीय!"

सिस्टरांनी आपल्या पेशंटांवरून एकदा नजर फिरवली. मग कपाट उघडलं. "ने. पळ!"

मी जीव खाऊन कफ ओढला. बाळ आधी गप्पच. मग असं काही रडलं, की त्याची आई हसायलाच लागली!

आमच्या वॉर्डात तोवर सिस्टर मोबाइलकडे टक लावून बसल्या होत्या आणि शेजारी ती मुलगी नखं खात होती, असं मागाहून आया सांगत होती. ठिपका हलला, लिफ्टपाशी थांबला, आमच्या मजल्यावर आला. मला दारात पाहताच सिस्टरांनी डोळे टिपले आणि वर नर्सलाच दटावलं, "नळी नीट धुतलीस ना गं?"

आता माझी मोटर थकलीय. दुरुस्तीवाला मान हलवतो. मुलगी पास होऊन परगावी नोकरीला गेली. जाताना मला हळूच थोपटून गेली.

एकच सांगते. कुणाची वस्तू नेलीत, तर काम झाल्यावर आपणहून पोचती करा. देणारं माणूस दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.