गुंडीचा दोरा

शिंप्याच्या दुकानात कुत्री नको, असं सासूबाईंचं म्हणणं. पण गुंडी होती. मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात निजायची. चाक फिरलं की कान हलवायची.

कालपासून ती मागच्या दारी जाऊन पाठीची कमान करून कुंथत होती आणि तशीच परतत होती.

"पोट धरलंय मेलीचं. चमचाभर एरंडेल पाज," सासूबाई म्हणाल्या.

"सकाळपासून ओकतेय, आई. पोट दगड झालंय. ओकत्या तोंडात तेल ओतायचं?" सून म्हणाली.

"आली मोठी डॉक्टरीण!"

तेवढ्यात नवऱ्याला गुंडीच्या शेपटीखाली लोंबता पांढरा दोरा दिसला. शिंप्याचाच हात तो! सुटा दोरा दिसला की ओढायचा, हीच जन्माची सवय. त्यानं चिमटीत धरलादेखील.

"हात काढा!" सून ओरडली. "चुण्यांचा दोरा ओढला की कापड कसं गोळा होतं? आत तिचं आतडं आहे, मलमलीहून तलम!"

तो चपापला. "बरं, उद्या नेऊ. संध्याकाळी गणवेश द्यायचेत. काजं कोण करणार?"

"तुम्ही. बोटं आहेत ना?"

"एवढ्याशा गुंडीसाठी दुकान टाकून चाललीस?"

"एवढीशी गुंडी तुटली तर अख्खा सदरा उघडा पडतो."

तिनं गणवेशाच्या नव्या कोऱ्या कापडात गुंडीला गुंडाळलं. सासूबाई 'अगं, अगं' करत राहिल्या आणि ती भर बाजारातून निघाली.

"काय वहिनी, कुत्रीला झबलं शिवताय?" पानवाला हसला.

"तुमचं माप नंतर घेते!"

जनावरांच्या डॉक्टरांनी गुंडीच्या पोटाचा फोटो काढून उजेडात धरला. आतडं झालरीसारखं गोळा झालं होतं. "दोरा ओढला नाही ना कुणी?"

"ओढू दिला नाही."

"वाचवलंत. ओढला असता तर आतडं चिरलं असतं. आत्ताच पोट उघडावं लागेल."

"उघडा. मी इथून हलत नाही."

काही दिवसांनी पोटावर टाके मिरवत गुंडी घरी आली. एका सकाळी गिऱ्हाईक माप द्यायला उभं, आणि तिनं थेट उंबऱ्यावरच कार्यक्रम उरकला.

"शी! दुकानाच्या तोंडाशी!" सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

सुनेनं मशीन थांबवलं नाही. "असू द्या, आई. आजची भवानी झाली."

नवरा उठला. आधी उंबरा पुसला. मग जमिनीवरचे दोरे वेचून झाकणाच्या डब्यात टाकले.