पाचपैकी दोन

नोएल पास्कोने प्रत्येक प्रश्नापुढे पाचपैकी दोन लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. छतात इन्सुलेशनचा ऊब धरणारा थर घालणे, दोन. जमिनीखालची ओल ओळखणे, दोन. तापणाऱ्या दिव्यांभोवती जागा सोडणे, दोन.

"नीट भर ना रे," मी म्हटलं. "एकतीस वर्षं लोकांच्या छतांत रांगतोयस."

"स्वतःच्या तोंडाने काय सांगू, फेय? चहाच्या वेळी ही मंडळी मला सोलून काढतील."

खरंच सोलून काढलं असतं. आमच्या या बेटावरच्या लॉन्सेस्टनमध्ये माणसाने 'बऱ्यापैकी जमतं' याच्यापुढे जाऊ नये. गेला की टवाळी सुरू. नोएल तर कोळिष्टकं कशी हलतात ते बघून वाऱ्याची फट सांगायचा आणि कुणी वाखाणलं की बुटांकडे बघत राहायचा. घरं ऊबदार करायचं सरकारी काम आमच्या छोट्या कंपनीला मिळालं होतं आणि कुणाला काय येतं याची ही पाहणी होती. कार्यालय मी सांभाळायचे, म्हणून प्रत्येकाच्या कागदावर शेवटचा रकाना माझा होता, कार्यालयाच्या मताचा. चारच्या आत सगळं पाठवायचं होतं. कोण वाचतंय एवढं, म्हणून मी तो कोरा सोडला.

सरकारी खात्याने वाचलं. यादीत नोएलच्या नावापुढे आलं: नवशिका, छतात जाण्यास परवानगी नाही. टोळीप्रमुख झाली टीगन. तिला हे काम नोएलनेच शिकवलेलं. ती समुद्रापलीकडची, मेलबर्नची. तिने तिकडच्या रीतीने सगळीकडे पाच लिहिले होते आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

मी कंपनीच्या मालकीणबाईंकडे गेले. वर्षभर यादी बदलत नाही, त्या म्हणाल्या. मी चूक कबूल करून खात्याला दोनदा लिहिलं. उत्तरादाखल त्याच यादीची प्रत आली.

शेवटी मी नोएलला सगळं सांगितलं, कोऱ्या रकान्यासकट.

"दोन मीच लिहिले होते गं," तो म्हणाला. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सह्या घ्यायला मी काम चाललेल्या घरी गेले. टीगन छतात होती. नोएल खाली शिडी धरून उभा होता आणि घरची म्हातारी बाई शेजारी बघत होती.

"नोएल," वरून टीगनची हाक आली, "इथे जुना दिवा आहे, चांगलाच तापलाय. किती सोडू?"

"वीतभर. आणि आधी वीज बंद कर, पोरी."

म्हातारीने माझ्या हातातला यादीचा कागद पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. नवशिक्याला बरंच कळतं म्हणायचं, ती म्हणाली. मला राहवलं नाही.

"आमच्यातला सगळ्यात जाणकार माणूस आहे हा," मी म्हटलं.

नोएलचे कान लालबुंद झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"शिडी हलतेय," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरून उभा राहिला. शिडी हलत नव्हती.