जावयाच्या वाट्याला ईट

आमच्या पशुखाद्य कंपनीचा नकाशा पुण्यात निघतो आणि निस्तरावा लागतो धाराशिवला. यंदा अमरसिंह साहेबांनी ठरवलं, की गिऱ्हाइकांची खाती पिनकोड बघून विक्री प्रतिनिधींना वाटून टाकायची. कॉम्प्युटरवर गावागणिक खाती लावायचं काम माझं. ईटची सगळी खाती पडली बजरंग या प्रतिनिधीकडे. बजरंग म्हणजे माझा नवरा, आणि ईट म्हणजे माझं माहेर.

मी लगेच फोन लावला. "सर, ईट त्यांची सासुरवाडी आहे."

"मग तर सोनंच झालं," साहेब म्हणाले. "ओळखीचे लोक."

आता या माणसाला काय सांगायचं? त्यांच्या नकाशात रस्ते होते, हद्दी होत्या, सोयरीक तेवढी नव्हती. जावयानं सासुरवाडीत "माल घ्या" म्हणायचं नसतं, आणि सासऱ्यानं जावयाशी भाव करायचा नसतो.

व्हायचं तेच झालं. हे पेंडीचे नमुने घेऊन ईटला गेले आणि टोपी, उपरणं अन् डबाभर खव्याच्या पोळ्या घेऊन परत आले. माझे वडील धोंडीबा गावातले सगळ्यात मोठे पेंडवाले. यांनी भावपत्रक काढलं की आबा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, आधी हातपाय धुवा." शेजारच्या दुकानात चुलत सासरे, पलीकडे मावस सासरे. खवाभट्टीवाल्या कोंडाबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या लेकीचा नवरा दारोदार पोती इकतोय, बघवत न्हाय." आणि हातात नारळ दिला.

"पोट सुटलं, ऑर्डर एक न्हाय," हे घरी येऊन म्हणाले. येरमाळ्यात हाच माणूस दगडालाही पेंड विकून येतो.

तिमाही सरत आली. नकाशावर येरमाळा हिरवा, ईट लालभडक. साहेबांचा मेल आला, की महिनाभरात ईट सुधारलं नाही तर बजरंग यांची बदली पार लांब किनवटला. आमचा संसार आत्ता कुठं मांडून झाला होता. मग मला राग आला, आणि रागात मला नेहमीच चांगलं सुचतं.

"सर, ईटपुढचं नाव बदलू का?"

"कुणाचं टाकता?"

"माझं."

"तुम्हाला विक्रीचा काय अनुभव?"

"त्या गावात मी आजवर सगळं हट्ट करून मिळवलंय."

साहेब हसले. पण महिना दिला.

ईटला पोचले तशी आई भाकरतुकडा घेऊन दारात आली. "आई, आज कामानं आलेय," म्हणत मी तुकडा ओवाळून घेतला आणि थेट दुकानात आबांसमोर जाऊन बसले.

"लेक दारात आली," आबा भरून येऊन म्हणाले. "न्हाय कसं म्हणू? तुला पायजे तेवढी पोती लिही."

बदली तिथंच टळली होती. गप लिहून घ्यायला हवं होतं. पण मला ते साडीचोळीसारखं वाटलं.

"आबा, ओटी नका भरू. भाव बोला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग नमुन्याच्या पिशवीत हात घातला, मूठभर पेंड काढली, वास घेतला, दाताखाली धरली.

"भुसा लई हाय."

"भुसा तुमच्या आधीच्या पेंडीत होता. म्हशी तोंड लावीनात म्हणून आईच सांगत होती."

आबा भाव पाडत होते, मी चढवत होते. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही. माझ्या लग्नाची बोलणी याच ओट्यावर झाली, तेव्हा मला आत बसवलं होतं. आज आबा माझ्याशी समोरासमोर बोलत होते, व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याशी बोलावं तसे. मला इतकं बरं वाटलं, की एकदा चुकून भाव उतरवून बसले.

"दहा पोती," शेवटी ते म्हणाले. "खपली तर पुढं बघू."

आबांनी घासाघीस करून माल घेतला म्हणजे चांगलाच असणार, असं म्हणत बाकीचे सासरेही भाव विचारायला आले. महिनाअखेर ईट हिरवं झालं आणि किनवटचा विषय मिटला. हे आता तिथं फक्त जेवायला जातात.

परवा दुसऱ्या खेपेची ऑर्डर देताना आबा कुरकुरले. "पुढल्या बारीला जावईबापूंनाच पाठव. पोळ्या खात्यात अन् गुमान जात्यात."