पंपघराच्या भिंतीतला नेचा

पान सात सेंटीमीटर लांब होते. देठ काळा, केसासारखा बारीक. पानामागे तपकिरी बीजाणूंच्या रेघा. पंपघराच्या मागच्या भिंतीत, विटांमधल्या जुन्या चुन्यात, अशी एकोणीस रोपे होती. टाकीतून झिरपणाऱ्या ओलीवर ती जगत होती.

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी भिंग खिशात टाकले. याच दुर्मिळ नेच्यासाठी त्यांनी तीन वर्षे डोंगरकडे पालथे घातले होते. आणि पंपघराच्या दुरुस्तीआधी केलेल्या याच आवाराच्या अहवालावर त्यांची सही होती : 'दुर्मिळ वनस्पती आढळल्या नाहीत.' पाहणी केली ती कुंपणाजवळच्या झाडीची. भिंतीकडे कोण बघतो!

सोमवारी पंपवाल्या काकांनी एक पान कागदात गुंडाळून पाठवले. ओळखायला मिनिटभरही लागले नाही. आज शुक्रवार. चार दिवस बाई गप्प होत्या, आणि पलीकडे गवंडी गिलाव्यासाठी सिमेंट कालवत होता.

"मी पाहणीच्या वेळीच म्हटलं होतं, भिंतीवर एक गंमत आहे," काका म्हणाले. "तुम्ही म्हणालात, भिंतीवर उगवतं ते तण."

बाईंचे कान तापले. "काका, चार रोपं कुंडीत लावून प्रयोगशाळेत नेते. म्हणजे कुणाला काही..."

"दोनदा घरी नेऊन बघितलं मी. आठवड्यात मान टाकली. त्याला हाच चुना लागतो, हीच ओल. आणि खरं सांगू? तुम्हाला झाड वाचवायचंय की सही?"

बाई खिशातले भिंग चाचपत राहिल्या.

"एकदा माझ्याकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला," काका हळू आवाजात म्हणाले. "लगेच सांगितलं. साहेबांनी सालटी काढली. पण पाणी थांबलं ना! लाजून तोंड मिटून बसलो असतो, तर टाकी रिकामी झाली असती."

वाचकहो, दुर्मिळ ते दूरच असणार, हा आपला शिकल्यासवरल्यांचा गैरसमज. तो एकवेळ क्षम्य आहे. पण चूक कळल्यावर आपण जितके दिवस गप्प बसतो, तितके दिवस तिची किंमत दुसराच कुणी जीव मोजत असतो!

अभियंता साहेब कोपऱ्यावरून आले. "काय मॅडम, करायची ना सुरुवात?"

गवंड्याने थापी उचलली. बाई भिंतीकडे पाठ करून त्याच्या आड उभ्या राहिल्या.

"थांबवा. माझा अहवाल चुकला आहे. सोमवारपासून मला ते माहीत आहे."